बुडालेल्या कोळशाला काय म्हणायचं?

मुंबईच्या समुद्रावर लागोपाठ दोन पावसाळे वाईट गेले आणि जहाजांच्या प्रदूषणाविषयी आज आपण जे काही बोलतो, त्यातलं बरंचसं त्या दोन पावसाळ्यांतून आलं आहे. ७ ऑगस्ट २०१० ला बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ही जहाजं एकमेकांवर आदळली. चित्रा कलली. तिच्यावरचे शेकडो कंटेनर पाण्यात गेले, त्यातल्या काहींत कीटकनाशकं होती. सुमारे ८०० टन तेल सांडलं. कंटेनर कुठे तरंगताहेत आणि कुठे तळाशी बसलेत याचा पत्ता लागेपर्यंत मुंबई आणि न्हावाशेवा दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस अडली. मासळी जपून खा, असं सांगितलं गेलं आणि कोळणींच्या पाट्या भरल्याच राहिल्या.

तेल घारापुरी, उरण, अलिबागकडच्या तिवरांत शिरलं. तिवराची मुळं चिखलातून बोटाएवढी वर आलेली असतात, हवा घेण्यासाठी. भरतीबरोबर आलेलं फर्नेस ऑइल, म्हणजे जहाजाचं जाड काळं इंधन, ओहोटीबरोबर परत जात नाही, ते या मुळांवर बसतं. पाणी जिथवर चढलं होतं तिथवर खोडावर काळी रेघ उमटते, सगळ्या झाडांवर एकाच उंचीवर, दोरी लावून आखावी तशी. माणसं साफ करायला उतरली तर पायाखाली तेच तेल चिखलात आणखी खोल दाबलं जातं. म्हणून तिवरांत बऱ्याचदा काहीच न करणं हाच उपाय ठरतो. ज्यांचं पोट त्या खाडीवर आहे त्यांना हे सांगणं फार कठीण असतं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये गुजरातेत अलंगला भंगारात निघालेलं 'विस्डम' हे जहाज ओढताना सुटलं आणि जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. ३१ जुलैला 'पवित' आलं. ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं हे रिकामं जहाज वाहत वाहत थेट जुहूला लागलं आणि किनाऱ्यावर येईपर्यंत कोणाच्या नजरेला पडलं नाही. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ ऑगस्ट २०११ ला, मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर 'राक' बुडालं. इंडोनेशियाहून दहेजला निघालेलं, पनामाचा झेंडा लावलेलं जुनं मालवाहू जहाज. खलाशी सगळे वाचले. पोटात ६०,०५४ टन कोळसा, सुमारे २९० टन फर्नेस ऑइल आणि ५० टन डिझेल होतं. नारळी पौर्णिमा नऊ दिवसांवर होती. तेल मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्याला लागलं. कोळसा लागला नाही, तो तळाशी गेला. पुढचा सगळा वाद या तळाशी गेलेल्या कोळशाचा आहे.

त्याआधी एक गोष्ट नोंदवायला हवी. कायदे नव्हते असं नाही. समुद्रात तेल सोडण्यावर पहिला आंतरराष्ट्रीय करार १९५४ चा. १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर 'टोरी कॅनियन' हा टँकर खडकावर चढला, लाखभर टनांहून जास्त कच्चं तेल सांडलं, आणि त्यातून १९६९ चा भरपाईचा करार व १९७३-७८ चा मार्पोल, म्हणजे जहाजांचं प्रदूषण रोखण्याचा करार, निघाला. मार्पोल १९८३ मध्ये लागू झाला. आपल्याकडे १९८६ पासून समुद्रातल्या तेलगळतीशी लढण्याचं काम तटरक्षकांकडे आलं. पण १९६९ चा भरपाईचा करार मुळात तेल वाहून नेणाऱ्या जहाजांसाठी, म्हणजे टँकरसाठी. कंटेनर किंवा कोळसा नेणाऱ्या जहाजाच्या स्वतःच्या इंधनटाकीतलं तेल सांडलं तर काय, यासाठी बंकर करार झाला तो २००१ मध्ये, लागू झाला २००८ मध्ये. आणि चित्रा-राकच्या वेळी भारत त्यात नव्हता. बुडालेलं जहाज मालकानं काढावं असं सांगणाऱ्या नैरोबी करारात भारत २०११ च्या मार्चमध्ये सामील झाला, पण तो करारच जगभरात २०१५ पर्यंत लागू झाला नव्हता. राक नेमकं या फटीत बुडालं. पर्यावरणाचं प्रकरण म्हणून ते पर्यावरणाच्या, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेलं, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

न्यायाधिकरणाचा निकाल ऑगस्ट २०१६ मध्ये आला. जहाज समुद्रात नेण्याच्या लायकीचं नव्हतं, असं म्हणत जहाजमालक कंपन्यांना १०० कोटी रुपये भरपाई. ज्या कंपनीसाठी कोळसा येत होता, तिला ५ कोटी, समुद्रतळावर कोळसा 'डम्प' केल्याबद्दल. बातम्या १०० कोटींच्या झाल्या. खरं वादग्रस्त आहे ते ५ कोटींचं वाक्य.

मराठीत आपण तीन वेगळी क्रियापदं वापरतो. तेल सांडतं, सांडपाणी सोडतात, कचरा टाकतात. सांडतं ते चुकून. सोडतात ते जाणून, पण ठरलेल्या वाटेनं. टाकतात ते नको म्हणून. सागरी कायद्याचा सगळा पसारा या तीन क्रियापदांच्या भेदावर उभा आहे. मार्पोलमध्ये 'डिस्चार्ज' म्हणजे कोणत्याही कारणानं जहाजातून बाहेर पडणं: गळणं, सांडणं, उपसणं, ओतणं, सगळं त्यात येतं. जहाजाच्या तळाशी साचलेलं बिल्जचं पाणी सोडताना त्यात दहा लाखांत १५ भागांहून जास्त तेल चालत नाही, ते याच शब्दाखाली. मात्र जहाजाला इजा होऊन तेल गेलं आणि इजेनंतर ते रोखायला वाजवी काळजी घेतली होती, तर सूट आहे. शिवाय मार्पोलची तेलाची कलमं तेलापुरतीच, आणि कोळसा तेल नव्हे.

मग उरतो 'डम्पिंग' हा शब्द. तो समुद्रात कचरा टाकण्याविषयीच्या १९७२ च्या लंडन करारातला आणि पुढे समुद्र कायद्याच्या करारातलाही. दोन्हीकडे व्याख्येत 'हेतुपुरस्सर' हा शब्द आहे. जहाजातून माल किंवा जहाजच मुद्दाम विल्हेवाट लावण्यासाठी समुद्रात घालणं म्हणजे डम्पिंग. हे सरळ वाचलं तर राकचा कोळसा डम्प झालेला नाही. विकत घेतलेला, वीजकेंद्रात जाळण्यासाठी आणलेला माल कोण मुद्दाम बुडवेल? जहाजव्यवसायातली मंडळी या निकालावर आजही याच मुद्द्यावर चिडतात: माल मागवणाऱ्यानं जहाज चालवलेलं नसतं, बुडवलेलं तर नाहीच.

त्यांचं म्हणणं व्याकरणाला धरून आहे, हे मान्य. पण मला न्यायाधिकरणाची बाजू पटते. साठ हजार टन कोळसा तळावर पसरला की त्याखालचं जगणं गाडलं जातं. तो हेतूनं पडला की अपघातानं, हे तिथल्या शिंपल्याला किंवा वरून जाळं ओढणाऱ्याला सारखंच. समुद्र कायद्याच्या करारातल्या 'प्रदूषण' या शब्दाच्या व्याख्येत हेतू नाही. माणसानं प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे घातलेलं, हानी करणारं किंवा करू शकणारं, एवढंच आहे. स्वस्त भाड्यासाठी मोडकळीला आलेलं जहाज पावसाळ्यात अरबी समुद्रात धाडणं, हाही एक निर्णयच असतो. निकालानं 'टाकणं' हा शब्द ताणला, कारण दुसरा कोणताही शब्द त्या कोळशाला लागू पडत नव्हता. 'प्रदूषण' या रुंद शब्दावरच सगळा भार दिला असता तर निकाल अधिक भक्कम झाला असता, असं मात्र वाटतं.

दुसरा तिढा अंतराचा. आपला प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैल, राक बुडालं २० वर. इथे भारताचे पर्यावरण कायदे चालतात का? १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानं २४ मैलांपर्यंतचा एक पट्टा दिला आहे, त्यात सुरक्षा, जकात, स्थलांतर यांच्याबरोबर 'स्वच्छता' हाही शब्द आहे. त्यापुढे २०० मैलांपर्यंतचं आर्थिक क्षेत्र आहे, तिथे सागरी पर्यावरण जपण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. न्यायाधिकरणानं १२ मैलांपलीकडेही आपला अधिकार चालतो असं धरलं. तेलाला १२ मैलांची रेघ दिसत नाही, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. दर पावसाळ्यात गोव्यापासून वर कोकणात वाळूवर डांबराचे गोळे येतात. अनवाणी चाललं की टाचेला चिकटतात, साबणानं निघत नाहीत, खोबरेल किंवा रॉकेल चोळावं लागतं. त्यातला कोणता गोळा कोणत्या जहाजानं किती मैलांवर धुतलेल्या टाकीतला, हे सांगता येत नाही, म्हणून दंडही कोणाला होत नाही.

निकाल लागला तोवर राक बुडून पाच वर्षं झाली होती.

आता हे सगळं पुन्हा वर आलं आहे ते केरळमुळे. २५ मे २०२५ ला लायबेरियाचा झेंडा असलेलं 'एमएससी एल्सा-३' ६४० कंटेनरांसह बुडालं. त्यातले १३ धोकादायक मालाचे, १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. टाक्यांत ३६७ टन फर्नेस ऑइल आणि ८४ टन डिझेल. काही दिवसांत तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचे पांढरे दाणे येऊ लागले, साबुदाण्याएवढे, आणि लोक वाळू चाळणीनं चाळू लागले. केरळनं ९,५३१ कोटींचा दावा उच्च न्यायालयात लावला, तोही त्याच मालकीच्या दुसऱ्या जहाजाला अटक करवून, म्हणजे न्यायालयाच्या आदेशानं ते बंदरात अडकवून. त्यावर मालकांच्या बचावात अंतराचा तोच मुद्दा आला. एल्सा-३ किनाऱ्यापासून १४.६ सागरी मैलांवर बुडालं होतं.