सुटा बर्फ की स्लॅब?

गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन आणि तिथून मनाली गाठणाऱ्या आपल्याकडच्या ट्रेकरांना ‘हिमस्खलन’ हा एकच शब्द ठाऊक असतो. बर्फ मात्र दोन तऱ्हांनी सुटतो, सुटा किंवा अख्ख्या थराची स्लॅब होऊन, आणि बहुतेक बळी दुसऱ्या तऱ्हेचे.

सुटा बर्फ कळायला मिरामारची वाळू पुरे. कोरड्या ढिगाच्या माथ्याला बोट लावलं की ती एका जागेहून घसरते आणि खाली पसरत जाते. ताजा भुसभुशीत किंवा उन्हाने भिजलेला बर्फ असाच सुटतो. उतारावरून बर्फाचे गोळे आपसूक गडगडू लागले, तर तिथून निघा. हा बर्फ सहसा तुमच्या पायाखालून सुटतो, म्हणून थोडी उसंत मिळते. खाली कडा किंवा घळ असेल तर तीही नाही.

स्लॅबला वाळू चालत नाही, थरांवर थर असलेली गोड बेबिंका आठवा. वर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर, त्याखाली साखरेसारखा दाणेदार, एकमेकांना न धरणारा बर्फ. तुमच्या वजनाने तो खालचा थर बसतो, चीर सरसर आडवी धावते आणि अख्खा उतार एकदम सुटतो. तुटण्याची रेघ बहुधा तुमच्या डोक्यावर असते, म्हणजे तुम्ही स्लॅबवरच उभे! धोका मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारावर. मोबाइलमधल्या कोनमापकाने मोजता येतो. पायाखाली ‘वूम्फ’ असा दबका आवाज आला किंवा पावलापासून चिरा पळाल्या, तर आल्या वाटेने मागे फिरा. आधी पाच जण गेले म्हणून उतार पक्का, हा हिशेब इथे चुकतो: सहावा नेमका थर पातळ असलेल्या जागी पाय ठेवतो.

शंका आली तर सुरक्षित जागी, पण त्याच दिशेच्या आणि तेवढ्याच चढाच्या उतारावर खड्डा खणा. 30 गुणिले 30 सेंटिमीटरचा खांब चारी बाजूंनी मोकळा करून त्यावर फावडं आडवं ठेवा. मनगटातून 10 थापा, कोपरातून 10, खांद्यातून 10. थोड्याच थापांत वरचा ठोकळा सपाट तुटून पुढे सरकला, तर त्या उतारावर जायचं नाही. न तुटल्यास मात्र लगेच हुरळू नका. तो निकाल त्या खड्ड्यापुरताच, दहा पावलांवर थर वेगळे असू शकतात.

बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवं, एका गाइडकडे असून भागत नाही. गाडला गेलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची आशा मोठी, नंतर ती झपाट्याने घटते. बाहेरची मदत एवढ्यात पोहोचत नाही.