बोंडला: प्राणी, आवारे आणि अधिकाऱ्याची खुर्ची

बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात नवा प्राणी आला, जुना पिंजरा पाडून मोकळे आवार बांधायला घेतले किंवा तिथल्या अधिकाऱ्याची बदली झाली, की गोव्यात त्याची बातमी होते आणि दोन दिवसांत विरून जाते. या तिन्ही गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात, हे मात्र बातमीत सहसा येत नाही. योग्य आवार असल्याशिवाय प्राणी आणता येत नाही, आवाराच्या आराखड्याला आणि प्राण्याच्या देवाणघेवाणीला दिल्लीची मंजुरी लागते, आणि तो पत्रव्यवहार तडीला नेणारा माणूस तेवढा काळ जागेवर राहावा लागतो. बोंडल्याची आजवरची वाटचाल समजून घ्यायची तर या साखळीपासूनच सुरुवात करावी लागते.

गोवा मुक्त झाल्यानंतर पहिल्या दशकातच इथल्या जंगलांना अभयारण्यांचा दर्जा मिळू लागला. मोले, खोतीगाव आणि बोंडला ही तिन्ही नावे त्याच काळातली. त्यांपैकी बोंडला 1969 चे आणि आकाराने अगदीच लहान, म्हणजे जेमतेम आठ चौरस किलोमीटरचे. मोलेच्या 240 चौरस किलोमीटरपुढे हे क्षेत्र परसबागेएवढे वाटते. त्या लहानपणामुळेच त्याच्याकडे वेगळे काम आले. तिस्क-उसगावहून आत वळून घाट चढून गेले की तासा-दोन तासांत पाहून होईल असे जंगल, मुलांच्या सहलींसाठी बाग, हरणांचे आवार आणि प्राणिसंग्रहालय, अशी त्याची घडण झाली. खऱ्या जंगलाच्या पोटात प्राणिसंग्रहालय असणे ही बोंडल्याची ओळख आहे आणि अडचणही. कुंपणाबाहेर गवे, भेकरे आणि माकडे मोकळी हिंडतात, आणि कुंपणाच्या आत त्यांचेच भाऊबंद पाहण्यासाठी आपण तिकीट काढतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र प्रकरण नव्हते. तोवर कोणता प्राणी कुठे आणि किती जागेत ठेवायचा, हे बहुतांशी त्या-त्या ठिकाणच्या अधिकाऱ्याच्या समजुतीवर आणि हाती असलेल्या पैशांवर ठरत असे. 1991 च्या दुरुस्तीने ते प्रकरण कायद्यात आले, 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवणे बेकायदेशीर ठरले. मान्यतेचे नियम 1992 मध्ये आले आणि 2009 मध्ये नव्याने लिहिले गेले. माझ्या मते बोंडल्यासारख्या लहान प्राणिसंग्रहालयाच्या इतिहासात याहून मोठी घटना नाही, कारण ‘आपल्याकडे काय आहे’ या प्रश्नाची जागा ‘ते ठेवण्याची आपली ऐपत आहे का’ या प्रश्नाने घेतली.

आवारांतला फरक डोळ्यांना सर्वांत आधी दिसतो. जुन्या पद्धतीचा पिंजरा माणसाच्या सोयीचा होता: पुढे गज, खाली सिमेंट, पाण्याची नळी मारली की काम संपले. प्राणी सतत हाताच्या अंतरावर असे आणि त्याला नजरेआड होण्याची सोय नसे. गजांऐवजी खंदक ही कल्पना जर्मनीत कार्ल हागेनबेक यांनी 1907 मध्ये हॅम्बुर्गजवळ उघडलेल्या उद्यानात रुजवली आणि आपल्याकडे 1959 मध्ये सुरू झालेल्या दिल्लीच्या प्राणिउद्यानात ती ठळकपणे दिसली. मराठी वाचकाला ओळखीचे उदाहरण हवे असेल, तर पुण्याच्या पेशवे पार्कातले पिंजरे आणि कात्रजची ऐसपैस आवारे मनात शेजारी ठेवून पाहावीत. मात्र खंदक हा आवाराचा केवळ दर्शनी भाग होय. खरी कसोटी मागच्या बाजूला असते. तिथे रात्रीचा निवारा असतो, तिथे जाणारी दुहेरी दारे असतात, आणि त्यांतले एक पुरते बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नसते. संध्याकाळचे खाणे आत ठेवले की बिबटा आपणहून आत येतो, सरकते दार खाली सोडले जाते आणि मगच माणूस बाहेरच्या आवारात साफसफाईला उतरतो. गोव्याच्या पावसात त्या दाराच्या खाचेत गंज आणि चिखल बसतो. आवार किती हिरवे आहे, यापेक्षा ते दार किती सहज सरकते, हे मी आधी पाहीन.

आठवड्यातून एक दिवस प्राणिसंग्रहालय बंद ठेवण्याचे बंधनही नियमांतलेच आहे. बोंडल्यात तो दिवस गुरुवारचा, आणि ते ठाऊक नसलेली कुटुंबे फाटकावरून परत फिरताना अनेकांनी पाहिली असतील. देशातल्या बहुतेक प्राणिसंग्रहालयांत मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एकदा उपाशी ठेवण्याची रीतही आहे. गुरुवारचा उपास करणाऱ्या आपल्या लोकांना त्यात नवल वाटू नये.

प्राण्यांच्या बाबतीत लोकांचे सारे लक्ष वाघावर असते. विशाखापट्टणमहून आलेली राणा आणि संध्या ही जोडी बोंडल्याचे मोठे आकर्षण होती. वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीतल्या, म्हणजे संरक्षित यादीतल्या, अशा प्राण्याची देवाणघेवाण मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांतच आणि प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीने होऊ शकते. शिवाय सबळ कारण नसेल तर कोणत्याही प्राण्याला जोडीदाराविना वर्षाहून अधिक काळ ठेवू नये, असा दंडक आहे. त्यामुळे जोडीतला एक गेला की दुसऱ्याच्या एकटेपणाचा प्रश्न हा केवळ हळहळीचा राहत नाही, तो कागदोपत्री उत्तर द्यावा लागणारा प्रश्न होतो.

वाघ मिळत नाही ही तक्रार जुनीच आहे. चितळ आवरत नाहीत ही तक्रार कमी ऐकू येते, पण रोजच्या कामात तीच जड असते. चितळाची मादी गाभण राहिल्यापासून साधारण आठ महिन्यांत विते, आवारात शिकाऱ्याची भीती नसते आणि चारा ठरल्या वेळी समोर येतो. काही वर्षांत कळप दुप्पट होतो, जमीन तुडवून उघडी पडते, पावसाळ्यात तिचा रेंदा होतो आणि माजावर आलेले नर एकमेकांना शिंगांनी जखमी करतात. नर आणि माद्या वेगळ्या ठेवणे, नरांची नसबंदी करणे किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त ठिकाणी कळप पाठवणे, एवढेच मार्ग उरतात. त्यातच गव्यांना आणि हरणांना गावातल्या गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाची लागण होऊ शकते, म्हणून चारा कुठून येतो आणि आवारात शिरणाऱ्याने पाय जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवले की नाही, याला महत्त्व येते. नवीन प्राणी आणण्यापेक्षा असलेले प्राणी मोजून-मापून ठेवणे अधिक अवघड, असे माझे मत आहे.

हे सारे पाहायला माणूस कोण, हा शेवटी येणारा पण मुळातला प्रश्न. बोंडला वन खात्याच्या अखत्यारीत आहे आणि गोव्यातले भारतीय वनसेवेचे अधिकारी अरुणाचल प्रदेश, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांच्या सामाईक संवर्गातून (केडरमधून) येतात. आज पणजीत असलेला अधिकारी उद्या अंदमानात किंवा दिल्लीत जाऊ शकतो. त्याचे शिक्षण जंगल सांभाळण्याचे असते. पिंजऱ्यातल्या प्राण्याचा आहार, प्रजनन आणि औषधपाणी हे त्याला जागेवर आल्यावर शिकावे लागते, आणि शिकून होईतो बदलीचा आदेश निघतो. 2009 च्या नियमांनी प्रत्येक प्राणिसंग्रहालयाला पूर्ण वेळ प्रभारी अधिकारी आणि त्याला पुरेसे प्रशासकीय व आर्थिक अधिकार असावेत असे सांगितले, शिवाय दूरच्या पल्ल्याचा बृहद् आराखडाही बंधनकारक केला. आराखडा वीस वर्षांचा आणि अधिकारी दोन-तीन वर्षांचा, असा हा मेळ आहे.

2024 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने वनक्षेत्रात नवे प्राणिसंग्रहालय किंवा सफारी उभारण्यापूर्वी आपली मंजुरी घ्यावी, असा अंतरिम आदेश दिला. तेव्हापासून जंगलात वसलेल्या प्राणिसंग्रहालयांकडे पाहण्याची नजर अधिक काटेकोर झाली आहे.

दरवर्षी 31 मार्चपर्यंतचा हिशेब, म्हणजे किती जन्मले, किती मेले, किती आले आणि किती पाठवले, असा तक्ता 30 एप्रिलपर्यंत प्राधिकरणाला द्यावा लागतो. नवा अधिकारी रुजू झाला की त्याच्या हाती आधी हाच तक्ता पडतो. त्यातला बिबटा कोणत्या दाराने आत येतो आणि कोणत्या दाराला बिचकतो, हे त्याला वर्षानुवर्षे तिथेच काम करणाऱ्या प्राणिरक्षकालाच विचारावे लागते.