मोहाकरचे फुकटचे प्लॉट

स्पेनमधला आल्हाम्ब्रा राजवाडा, फ्लामेंको नाच, मूर म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानांची राजवट हे सगळं बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते सोडून थेट मोहाकरला येऊ. स्पेलिंग बघून आपण मोजाकार म्हणतो, पण स्पॅनिशमधे त्या ‘जे’चा ह होतो, त्यामुळे नाव ऐकायला आपल्याकडच्या आडनावासारखंच वाटतं. स्पेनच्या दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रदेशाच्या पूर्व टोकाला, आल्मेरिया प्रांतात, समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत एका टेकडीवर पांढरी चौकोनी घरं एकावर एक चढवलेली आणि खाली जवळपास १७ किलोमीटरचा किनारा. वरचं गाव म्हणजे पुएब्लो, खालची हॉटेलं-बार वगैरे म्हणजे प्लाया. दिवसा प्लायावर लोळायचं आणि ऊन उतरलं की वर जाऊन गल्ल्या पालथ्या घालायच्या, असा साधारण सगळ्यांचा कार्यक्रम असतो.

गाव टेकडीवर का, तर चाच्यांच्या भीतीने. उत्तर आफ्रिका समोरच, त्यामुळे किनाऱ्यावर राहायची कुणाची हिंमत नव्हती, फक्त टेहळणीचे बुरूज होते आणि त्यातले काही अजून उभे आहेत (दक्षिणेकडे माथेनासच्या बीचवरचा चुकवू नका). वरचं १५६० चं चर्चसुद्धा देवळापेक्षा गढीच जास्त वाटतं. १४८८ मधे हे गाव लढाई न होता मुरांकडून कॅथलिक राजा-राणीच्या (फर्डिनांड आणि इसाबेला) ताब्यात गेलं. बोलणी गावाच्या पाणवठ्यावर झाली आणि मूर किल्लेदाराने ‘मीही तुमच्याइतकाच स्पॅनिश’ असं सुनावलं, अशी दंतकथा आहे. दरवर्षी जूनमधे दोन्ही बाजूंचे पोशाख घालून त्याचा उत्सव करतात, दारूकाम आणि मिरवणुकीसकट, जमलं तर तेव्हाच जा.

पण आज आपण जे मोहाकर बघायला जातो ते खरं तर १९६० नंतरचं आहे, आणि ही गोष्ट फिरायला येणाऱ्यांना कुणी सांगत नाही.

झालं असं की १८३८ मधे जवळच्या आल्माग्रेरा डोंगरात चांदी-शिशाची मोठी शीर सापडली आणि पुढची काही दशकं हा सगळा भाग खाणींवर जगला. मग खाणी बसल्या. पाऊस तर इथे नावालाच, हा युरोपातल्या सगळ्यात कोरड्या भागांपैकी एक. माणसं अर्जेंटिनाला गेली, बार्सेलोनाला गेली, नंतर फ्रान्स-जर्मनीला गेली. १९५० च्या दशकात गावात बंद दारं आणि पडक्या भिंती उरल्या होत्या. बायका डोक्यावर घागर घेऊन त्याच पाणवठ्यावरून पाणी आणायच्या, डोक्यावरचं कापड पदर दातात धरावा तसं धरून, आणि शहरातून आलेले फोटोग्राफर त्याचेच फोटो काढून न्यायचे. आता त्या बाईचा पुतळा गावात आहे, लोक त्याच्या शेजारी उभं राहून सेल्फी काढतात.

अशा वेळी तेव्हाच्या महापौराने जे केलं त्यावर आजही दोन तट पडतात. जो कोणी ठरलेल्या मुदतीत घर बांधेल किंवा पडकं घर उभं करेल त्याला जागा फुकट नाहीतर फुकटात जमा. बस, एवढंच. कर्ज नाही, सरकारी योजना नाही, तोंडी बातमी पसरली आणि माद्रिदहून, लंडनहून चित्रकार, पत्रकार, राजदूत असली मंडळी यायला लागली. ज्या भिंती आणखी दहा वर्षांत कोसळल्याच असत्या त्या उभ्या राहिल्या, चुना लागला, मग वीज-पाणी आलं, रस्ता सुधारला, मागोमाग दुकानं आली. बाजूने बोलणारे म्हणतात की हे केलं नसतं तर इथे आज अवशेष बघायला तिकीट लावावं लागलं असतं, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. विरोधात बोलणाऱ्यांचा मुद्दाही अगदीच टाकाऊ नाही. जे पोट भरायला बाहेर गेले होते त्यांच्या गावातली सगळ्यात छान व्ह्यूवाली जागा परक्यांना मिळाली, आणि परत येणाऱ्या गाववाल्याला तीच जागा नंतर बाजारभावाने विकत घ्यायची वेळ आली. शिवाय तेव्हा नियम-बियम फारसे नव्हते, जुनं काय आणि जुन्यासारखं काय हा फरक तिथेच पुसला गेला. आज ‘मूरकालीन गल्ली’ म्हणून आपण जिथे फोटो काढतो तिथलं कुठलं घर आठशे वर्षांचं आणि कुठलं साठ वर्षांचं हे ओळखून दाखवा! गल्लीचं वळण जुनं असेल, भिंत बहुधा नाही. तरी माणसं नसलेलं अस्सल गाव आणि माणसं असलेलं थोडं नकली गाव यात मी दुसरंच निवडेन, आणि त्या महापौराकडे तिसरा पर्याय होता असं मला तरी दिसत नाही.

हे सगळं जरा रुळतंय तोच १७ जानेवारी १९६६ ला शेजारच्या पालोमारेसवर अमेरिकेचं बॉम्बर विमान हवेत इंधन भरताना टँकर विमानाला धडकलं. सात जण गेले आणि चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले. तीन जमिनीवर पडले, त्यातल्या दोघांमधलं साधं स्फोटक फुटून प्लुटोनियम शेतात पसरलं, चौथा समुद्रात. अणुस्फोट झाला नाही हे नशीब. समुद्रातला बॉम्ब ७ एप्रिलला बाहेर काढला, तोही एका मच्छीमाराने तो पडताना बघून जागा सांगितली होती म्हणून. मधल्या काळात या किनाऱ्यावर कोण सुट्टीला येणार? म्हणून ८ मार्चला स्पेनचा पर्यटनाचा कारभार बघणारा मंत्री आणि अमेरिकेचा राजदूत कॅमेऱ्यासमोर पाण्यात उतरले, पाणी सेफ आहे दाखवायला. थंडीतल्या समुद्रात, चड्डीवर. त्याच वर्षी मोहाकरच्या किनाऱ्यावर सरकारी हॉटेल सुरू झालं, १९६८ मधे आल्मेरियाला विमानतळ झाला आणि मग काय, इंग्रजांची रीघच लागली. पालोमारेसची हजारावर टन माती जहाजाने अमेरिकेला नेली, तरी काही जमिनीला आजही कुंपण आहे, बीचवर त्याचा विषय कुणी काढत नाही.

जाता जाता इंदालोबद्दल. हात पसरून डोक्यावर कमान धरलेला तो काडीमाणूस तुम्हाला दारांवर, की-चेनवर, टीशर्टवर सगळीकडे दिसेल आणि दुकानदार प्रागैतिहासिक म्हणून विकेल. चित्र आहेच प्रागैतिहासिक, पण ते आतल्या बाजूला वेलेथ-ब्लांकोजवळच्या गुहेत. मोहाकरमधे दृष्ट लागू नये म्हणून घरांवर अशी बाहुली काढायची जुनी रीत होती, पण ‘इंदालो’ हे नाव १९४० च्या दशकात आल्मेरियाच्या चित्रकारांनी एका संताच्या नावावरून पाडलं. म्हणजे इथेही तेच, माल जुना आणि लेबल नवं. वॉल्ट डिस्ने इथेच जन्मला, हीसुद्धा एक लाडकी अफवा आहे (तो शिकागोचा).

आता गावात निम्म्याच्या आसपास लोक परदेशी आहेत, त्यात ब्रिटिश सगळ्यात जास्त. १९९९ पासून युरोपियन युनियनच्या नागरिकांना स्पेनमधल्या स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटिशांचा हा हक्क टिकावा म्हणून २०१९ मधे वेगळा करार करावा लागला. जागा वाटणाऱ्या त्या महापौराच्या खुर्चीत कोण बसणार, हे ठरवताना आता त्या प्लॉटवाल्यांची मतंही मोजावी लागतात.