गॉथिक प्रेमकथेतली सतरा-अठरा वर्षांची मुलगी : थोडी पार्श्वभूमी

यंग अॅडल्ट गॉथिक हॉरर रोमान्स (म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या, भीती आणि प्रेम एकत्र असलेल्या कादंबऱ्या) असं लांबलचक लेबल लावलेली पुस्तकं आली की लोक लगेच म्हणतात हे सगळं २००५ नंतरचं, ट्वायलाइट या पिशाच्चाच्या प्रेमकथेने सुरू केलेलं, टीनएजर मुलींसाठीचं मार्केटिंग. मला हे अजिबात पटत नाही. लेबल नवं आहे हे खरं, पण पडका वाडा, अंधार, घाबरलेली कोवळ्या वयाची मुलगी आणि तिचं लग्न, हे सगळं गॉथिकमध्ये, म्हणजे जुन्या वाड्या-किल्ल्यांतल्या भयकथांच्या या प्रकारात, अगदी पहिल्या पुस्तकापासून आहे.

ते पहिलं पुस्तक म्हणजे होरेस वॉलपोलचं द कॅसल ऑफ ओट्रँटो, १७६४ च्या डिसेंबरमधलं. जुन्या इटालियन हस्तलिखिताचं भाषांतर आहे असं सांगून त्याने ते छापलं, आणि लोकांना आवडलंय म्हटल्यावर १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत आपणच लेखक असल्याचं कबूल केलं, तिथेच पुस्तकाला ‘गॉथिक कथा’ हे नाव पहिल्यांदा चिकटलं. सुरुवातच लग्नाच्या दिवशी होते. १५ वर्षांचा नवरामुलगा आभाळातून पडलेल्या अवाढव्य शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो आणि त्याचा बाप मॅनफ्रेड, वंश चालला पाहिजे म्हणून, स्वतःच्या बायकोला सोडून त्या होणाऱ्या सुनेशीच लग्न करायला निघतो. ती इझाबेला हातात दिवा घेऊन किल्ल्याखालच्या भुयारातून पळते, आणि एका दाराशी वाऱ्याचा झोत येतो नि दिवा विझतो. पुढची अडीचशे वर्षं हा एकच सीन किती वेगवेगळ्या घरांत परत परत लिहिला गेलाय! आणि नीट बघा, ती भुताला घाबरून पळत नाहीये, सासऱ्याला घाबरून पळतेय.

मग आली अॅन रॅडक्लिफ. १७९४ चं तिचं द मिस्टरीज ऑफ उडोल्फो चार खंडांचं, प्रकाशकाने ५०० पौंड मोजले, त्या काळात कादंबरीला हा आकडा म्हणजे अफाटच. एमिली अनाथ होते, आत्याकडे राहायला जाते, आत्याचा नवरा मोंटोनी दोघींना डोंगरातल्या किल्ल्यात नेऊन ठेवतो. तिथे काळ्या पडद्यामागे काहीतरी आहे, एमिली पडदा उचलते आणि बेशुद्ध पडते, काय दिसलं ते वाचकाला शेकडो पानं कळत नाही (शेवटी तो मेणाचा पुतळा निघतो). पण खरी भीती कागदांची आहे. मोंटोनीला आत्याची मालमत्ता हवीय, सही दे म्हणून तो तिला कोंडून ठेवतो, ती मरते आणि मग तोच तगादा एमिलीच्या मागे लागतो. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची मालमत्ता खऱ्या अर्थाने तिची स्वतःची झाली १८८२ च्या कायद्याने, म्हणजे वाचणाऱ्या मुलींना ही भीती घरचीच होती.

पुस्तकं महाग, म्हणून वाचनालयातून वर्गणी भरून आणायची. लंडनची मिनर्व्हा प्रेस ही प्रकाशनसंस्था तर अशाच कादंबऱ्यांवर चालायची. जेन ऑस्टिनची नॉर्थँगर अॅबी १८१७ च्या अखेरीस आली पण लिहिलेली खूप आधी, तिच्यातली १७ वर्षांची कॅथरीन अशाच वाचनाने झपाटलेली असते. रात्री पाहुण्या घरातल्या कपाटात तिला कागदांची गुंडाळी सापडते, सकाळी उघडून बघते तर धोब्याची बिलं! तरी ऑस्टिनने तिला मूर्ख ठरवलेलं नाही, कारण त्या घराचा म्हातारा जनरल पैशासाठीच तिच्याशी गोड वागत असतो आणि ती श्रीमंत नाही हे कळल्यावर तिला एकटीला गाडीत बसवून हाकलून देतो. तो माणूस वाईट आहे हे तिने बरोबर ओळखलं होतं.

१८१६ चा जिनिव्हा सरोवराकाठचा पावसाळी उन्हाळा बऱ्याच जणांना माहितीय, आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटल्याने हवा बिघडलेली, इंग्लिश कवी बायरनच्या घरी भुतांच्या गोष्टी लिहायची पैज. मेरी शेली तेव्हा १८ वर्षांची होती, फ्रँकेन्स्टाइन तिथलंच. पण रोमान्सच्या दृष्टीने मला पोलिडोरी जास्त महत्त्वाचा वाटतो. बायरनच्या या विशीतल्या डॉक्टरची व्हॅम्पायरची गोष्ट १८१९ मध्ये चक्क बायरनच्या नावावर छापली गेली, आणि त्यातला पिशाच्च लोककथांसारखं खेडेगावातलं सुजलेलं प्रेत नाहीये, देखणा, उमराव, पार्ट्यांना जाणारा लॉर्ड आहे. म्हणजे जो घाबरवतो तोच हवाहवासा वाटतो. रॅडक्लिफच्या पुस्तकांत खलनायक वेगळा, नायक वेगळा, आणि खरं सांगायचं तर नायक फिकाच. १८४७ मध्ये ब्राँटे बहिणींनी ही दोन माणसं एकत्र केली. शार्लटच्या कादंबरीतली जेन आयर १८ वर्षांची, ती ज्याच्या घरी नोकरी करते त्या रॉचेस्टरवर तिचं प्रेम बसतं आणि त्याच्याच घराच्या तिसऱ्या मजल्यावर त्याची पहिली बायको कोंडलेली असते. एमिली ब्राँटेच्या वुदरिंग हाइट्समधला हीथक्लिफ तर त्याहून भयंकर.

पुढे १८७२ ची कार्मिला ही पिशाच्चकथा, तिथे मुलगी १९ वर्षांची आणि पिशाच्चही मुलगीच, मग १८९७ चा ड्रॅक्युला. ड्रॅक्युलासारखाच पिशाच्च स्टीफन किंगने १९७५ मध्ये अमेरिकन गावात आणला आणि किंगच्या त्या कादंबरीवरून आपल्या नारायण धारपांनी लुचाई लिहिली, त्यामुळे मराठी वाचक या धाग्याशी अगदीच अनोळखी नाही. मधल्या काळात १९३८ ची रिबेका ही कादंबरी आणि १९६० नंतरची ती पेपरबॅक्स, कव्हरवर नाइटगाउनमध्ये पळणारी मुलगी, मागे काळोखं घर आणि एकाच खिडकीत दिवा.

ट्वायलाइटची बेला १७ ची, आणि तिचा एडवर्ड १९१८ पासून १७ चाच. तिसऱ्या भागात ती वुदरिंग हाइट्स पुन्हा पुन्हा वाचत असते. २००९ मध्ये एका प्रकाशकाने एमिली ब्राँटेचं तेच पुस्तक ट्वायलाइटसारख्या काळ्या कव्हरमध्ये, बेला आणि एडवर्डचं आवडतं पुस्तक असं छापून परत बाजारात आणलं.