घर भाड्याने देताना, घेताना: कोकणातल्या घरमालकांसाठी आणि भाडेकरूंसाठी

आमच्याकडे भाडेकरार करायला येणाऱ्या घरमालकांपैकी बरेच जण मुंबई-पुण्याला असतात. गावचे घर बंद राहिले तर वाळवी लागते, कौले सरकतात. कुणीतरी राहते असलेले बरे, असे त्यांना वाटते. भाडेकरू बहुधा बँकेत, शाळेत किंवा दवाखान्यात बदली होऊन आलेले. दोन्ही बाजू भल्या असतात, म्हणूनच ‘आपल्यात कागद कशाला?’ असे म्हणतात. मग पहिल्या पावसात किंवा गणपतीत वाद होतो. तो टळावा म्हणून हे पत्रक.

करार लेखी आणि नोंदणीकृत हवा

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या परिशिष्टांत नोंदलेल्या भागांना तो लागू होतो. आपले गाव त्यात येते का, हे सहीआधी विचारून घ्या. कलम ५५ प्रमाणे करार लेखी असावा लागतो, नोंदवावा लागतो, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झालाच, तर कोणत्या अटींवर घर दिले याबद्दल भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. ते खोटे असल्याचे मालकाने सिद्ध करावे लागते. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ असे अजूनही सर्रास ऐकू येते. ते चूक आहे.

लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरता घर वापरण्याचा परवाना देणाऱ्या कराराचे मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के आहे. परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्या रकमेत मिळवतात. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत १००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये. नोंदणी ऑनलाइन, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर होते, त्यामुळे चाकरमान्यांना त्यासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खेटे घालावे लागत नाहीत.

एक फरक लक्षात ठेवा. भाडेपट्ट्याने राहणाऱ्या भाडेकरूला कायदा बरेच संरक्षण देतो. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा फक्त ठरलेल्या मुदतीपुरता वापराचा परवाना घेतो. त्याला जे हक्क हवेत ते करारातच लिहिलेले असले पाहिजेत. आज बहुतेक घरे याच पद्धतीने दिली जातात, म्हणून पुढचा भाग नीट वाचा.

पावसाळा कोणाचा?

घर चांगल्या स्थितीत ठेवणे हे मालकाचे काम आहे. कलम १४ नुसार भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. परवान्यावर राहणाऱ्यांनी अशीच अट करारात घालून घ्यावी.

इथल्या घरांना मोघम ‘दुरुस्ती’ हा शब्द पुरत नाही. मे महिन्यात कौले परतायची कोणी, फुटलेली कौले आणायची कोणी, पडवीला प्लास्टिक बांधायचे कोणी, विहिरीवरचा पंप जळला तर पैसे कोणाचे, संडासाची टाकी उपसायची कोणी, हे एकेक करून लिहा. आमचा सल्ला असा: छप्पर, भिंती, पंप, टाकी मालकाकडे, नळाचा वॉशर, बल्ब, आवाराची झाडलोट भाडेकरूकडे. खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या खिडकीच्या गजांचे पैसे भाडेकरूच्या अनामतीतून कापणे आम्हाला पटत नाही. ती झीज समुद्राची आहे.

चिपळूणसारख्या पुराच्या गावात आणखी एक कलम हवेच. जुलै २०२१ च्या पुरानंतर कितीतरी घरे राहण्याजोगी उरली नव्हती. अशा वेळी भाडे कधीपासून थांबेल आणि अनामत किती दिवसांत परत मिळेल, हे आधीच ठरलेले असावे.

गणपती, शिमगा आणि माडाचे नारळ

मालकाला चतुर्थीला माजघर हवे असते, देवघराची किल्ली हवी असते. शिमग्यात पालखी घरी येते, तेव्हा खळे मोकळे लागते. ही मागणी रास्त आहे, पण ऐनवेळी फोनवर केली की भाडेकरूच्या संसाराची फरफट होते. किती दिवस, कोणत्या खोल्या आणि त्या महिन्याच्या भाड्याचे काय, ते लिहून टाका. एखादी खोली कायम मालकाकडेच राहणार असेल तर करारात तशी वेगळी नोंदवा. एरवी मालकाला घर पाहायला येता येते, पण आधी कळवून आणि सोयीच्या वेळी (कलम २८). न कळवता दार उघडून आत येणे चालणार नाही.

आवारातल्या माडांचे, कलमांचे, फणसाचे उत्पन्न कोणाचे, हेही लिहा. क्षुल्लक वाटते, पण सर्वाधिक मने यावरूनच दुखावलेली आम्ही पाहिली आहेत.

पैसे

भाडे शक्यतो बँकेतून द्या. रोख दिल्यास पावती मागा. ती देणे मालकावर बंधनकारक आहे. घरपट्टी मालकाने भरावी, वीजबिल मीटरप्रमाणे भाडेकरूने. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवू नका, पर्यटकांना खोल्या देऊ नका.

घर सोडताना

लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडावेच लागते. न सोडल्यास मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. मालकाने मात्र कुलूप घालणे किंवा पंपाची वायर काढणे असले मार्ग धरू नयेत. सबळ कारणाशिवाय भाडेकरूचे पाणी-वीज तोडायला कलम २९ मनाई करते.

घरात शिरताना आणि सोडताना, दोन्ही वेळा मीटरचे आकडे लिहून घ्या आणि प्रत्येक खोलीचे फोटो काढा.

करारासाठी येताना दोघांचे आधार आणि पॅन कार्ड, भाडेकरूचा फोटो, घराचे ताजे वीजबिल किंवा घरपट्टीची पावती आणि दोन साक्षीदार आणा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा अर्ज आम्ही त्याच वेळी भरून देतो.