जुन्या गोव्याचं जुनेपण आणि बॉम जीझसच्या गिलाव्याची पार्श्वभूमी

जुन्या गोव्यात काय काय बघायचं ही यादी बहुतेकांना पाठ असते. बॉम जीझसची बॅसिलिका, रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, त्याच्या शेजारी असिसीच्या सेंट फ्रान्सिसचं चर्च आणि म्युझियम, मांडवीच्या धक्क्याकडे व्हाइसरॉयची कमान, सेंट कॅजेटन, आणि वेळ उरलाच तर टेकडीवरचा ऑगस्टिनचा मोडका मनोरा. म्हणून ती यादी परत देत बसत नाही. गाइड लोकांचं सगळं सांगणं १५१० ते १६५० च्या आत संपतं, त्यानंतर एकदम १९६१ येतं आणि मग पार्किंग. मधलं काही नाहीच. आणि गंमत अशी की आज आपल्यासमोर जे उभं असतं त्याची मांडणी बरीचशी १९५० च्या दशकातली आहे, तीही गोवा हातचा जाणार हे दिसत असलेल्या सरकारने केलेली. बॉम जीझसच्या भिंतींना गिलावा परत करायचा की नाही हा वाद जो अधूनमधून उसळतो, तो ही गोष्ट माहीत नसेल तर नुसता रंगाचा वाद वाटतो.

आधीचा भाग भरभर सांगतो. मांडवीकाठचं हे बंदर आदिलशाहीचं होतं, १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने घेतलं, गमावलं, आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतलं. तो सेंट कॅथरिनचा दिवस, म्हणून तिच्या नावाचं चॅपल आणि पुढे से कॅथेड्रलही तिलाच वाहिलेलं. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी पूर्वेकडच्या कारभाराची राजधानी कोचीनहून इथे आणली. पुढची शंभर वर्षं भरभराटीची. से कॅथेड्रलचं काम १५६२ ला सुरू होऊन मुख्य बांधकाम संपायला १६१९ उजाडलं, बॉम जीझस १५९४ ते १६०५. बॉम जीझसच्या दर्शनी बाजूला जांभ्यासोबत जो काळा दगड दिसतो तो वसईकडून समुद्रमार्गे आणलेला बेसाल्ट आहे, आपल्याकडून जाणाऱ्या लोकांनी एवढं तरी थांबून बघावं. इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचं, कार्यालयही ह्याच परिसरात होतं, १५६० पासून मधली चारेक वर्षं सोडली तर थेट १८१२ पर्यंत. ती इमारत आता नाही, आणि नाही म्हणून तिच्याबद्दल कुणी फारसं बोलतही नाही.

उतरणीची कारणं सहसा साथी म्हणून सांगितली जातात आणि ते बरोबरच आहे, पाणी खराब, गटारं नाहीत, शहर दाटीचं आणि हिवताप पाचवीला पुजलेला. डचांनी समुद्रावर केलेली कोंडी दुसरं कारण. पण तिसरं कारण आपल्या जवळचं आहे आणि ते गाइडच्या तोंडून क्वचितच ऐकू येतं. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने मांडवीतलं जुवे बेट, म्हणजे सांत इस्तेव्ह, रातोरात घेतलं. तिथून राजधानी अगदी समोर. सोडवायला गेलेला व्हाइसरॉय मार खाऊन परतला आणि त्याने बॉम जीझसमधल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपली राजचिन्हं ठेवली, आता तूच सांभाळ म्हणून. मोगल फौज कोकणात उतरत असल्यामुळे मराठ्यांना माघारी वळावं लागलं आणि शहर वाचलं. श्रद्धाळू लोक श्रेय झेवियरला देतात, ज्याची त्याची मर्जी. पण सरकारने मात्र धडा घेतला आणि लगेच राजधानी मुरगावला हलवायचं ठरवलं. तिथे बांधकामही सुरू झालं, पण पैसा नाही आणि लोकांची इच्छा नाही, त्यामुळे ते तसंच रेंगाळत राहिलं. १६९५ ला व्हाइसरॉय स्वतःच पणेलीला राहायला गेला, १७५९ ला पणजीला, आणि १८४३ मध्ये पणजी कागदोपत्री राजधानी झाली. त्याच्या आधीच, १७७५ च्या आसपास, लाखांच्या गोष्टी सांगितल्या जाणाऱ्या ह्या शहरात दीड-दोन हजार माणसं उरली होती.

मग १८३५ च्या सुमाराला ख्रिस्ती धर्मसंघच बंद केले गेले. मठ ओस पडले, आणि ओस पडलेल्या मठाचा चिरा म्हणजे फुकटचा चिरा. आदिलशाही राजवाडा, पुढे जो व्हाइसरॉयचा वाडा झाला, त्याचं आज फक्त दार सेंट कॅजेटनसमोर उभं आहे. ह्या शहराचा दगड बराचसा पणजीच्या बांधकामांत गेलाय असं म्हणायला हरकत नाही. ऑगस्टिनच्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, मनोऱ्याचा अर्धा भाग १९३१ मध्ये गेला, आणि त्यातली मोठी घंटा आज पणजीच्या मेन चर्चमध्ये आहे, ज्याच्या पायऱ्यांवर सगळे फोटो काढतात तेच. १७७६ मध्ये से कॅथेड्रलचा एक मनोरा पडला तो परत बांधलाच नाही. थोडक्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुनं गोवं म्हणजे माडांच्या आणि झाडोऱ्याच्या मधे चार-पाच पांढरी चर्चेस, आणि झेवियरच्या फेस्ताला आणि शवप्रदर्शनाला जमणारी गर्दी. 'पांढरी' हा शब्द लक्षात ठेवा. बॉम जीझसही पांढरंच होतं, जुने फोटो आहेत.

आता १९५० चं दशक. भारत स्वतंत्र झालेला, गोव्याबद्दल विचारणा सुरू झालेली, आणि लिस्बनचं सरकार म्हणत होतं की आमच्याकडे वसाहती नाहीतच. १९५१ मध्ये त्यांनी घटनेतच बदल करून वसाहतींना 'समुद्रापारचे प्रांत' केलं. म्हणजे गोवा हा पोर्तुगालचाच तुकडा, साडेचारशे वर्षांपासूनचा. हे जगाला दाखवायचं तर दाखवायला काहीतरी हवं, आणि जुन्या गोव्यासारखी आयती जागा दुसरी कुठली. त्यात १९५२ ला झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षं होत होती, मोठं प्रदर्शन होणार, बाहेरून लोक येणार. तेव्हा परिसर साफ करायचा, चर्चेस सुटी सुटी दिसतील अशी मोकळी जागा ठेवायची, पडझड उभी करायची असं काम निघालं. सेंट कॅथरिनचं चॅपल १९५२ मध्ये नव्याने उभारलं. व्हाइसरॉयची कमान कोसळलेली होती ती १९५४ मध्ये पुन्हा बांधली. म्हणजे 'ह्याच कमानीतून प्रत्येक नवा व्हाइसरॉय शहरात शिरायचा' हे वाक्य जागेपुरतं खरं, चिऱ्यांच्या बाबतीत तितकं खरं नाही. १९६० च्या सुमारास पोर्तुगीजांच्या राष्ट्रकवीचा भलामोठा ब्राँझचा पुतळा मोकळ्यावर उभा केला, गोवामुक्तीच्या जेमतेम दीडेक वर्ष आधी. तो नंतर १९८० च्या दशकात त्यावरून तापल्यावर आत म्युझियममध्ये गेला, आणि बरं झालं.

ह्याच कामाच्या झपाट्यात लिस्बनहून आलेल्या एका वास्तुतज्ज्ञाने बॉम जीझसचा बाहेरचा चुन्याचा गिलावा खरवडून काढला. पोर्तुगालमध्ये त्या काळात ही पद्धतच होती, किल्ल्यांवरची आणि चर्चवरची नंतरची भर काढायची, दगड उघडा करायचा, की इमारत कशी मध्ययुगीन आणि दणकट दिसते. तिथला दगड बऱ्याच ठिकाणी ग्रॅनाइट, त्याला फारसं काही होत नाही. इथला दगड जांभा, हा फरक त्या माणसाला समजला नसेल असं वाटत नाही, पण त्याला हवं होतं ते जुनेपण मिळालं आणि बाकीचं पुढच्या लोकांवर सोडलं असं एकूण दिसतं. म्हणजे झालं असं की चर्च बांधणाऱ्यांनी जे कधीच दाखवायचं म्हणून बांधलं नव्हतं ते तांबडं अंग म्हणजेच त्याचं खरं रूप असं ठरून गेलं, आणि गेली सत्तर वर्षं पोस्टकार्डांवर, शाळेच्या पुस्तकांत, टूरिझमच्या बोर्डांवर तेच आहे.

जांभ्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोललं जातं म्हणून थोडं सविस्तर. गिलावा नको म्हणणारे म्हणतात की चिरा खाणीतून काढला की मऊ असतो आणि हवेला लागून कडक होतो, कोकणात कितीतरी घरं, गडगे, विहिरी बिनगिलाव्याच्या उभ्या आहेत, मग ह्याच इमारतीला काय होतंय. हे अर्धं खरं आहे. गडग्यातला चिरा झिजला तर आपण तो बदलतो, चारशे वर्षांच्या भिंतीत ते करता येत नाही. आणि जांभा सच्छिद्र असतो, छिद्रांमधली माती पाण्याने सुटत जाते, पृष्ठभाग चाळणीसारखा होतो, त्यात शेवाळ धरतं, पाणी भिंतीच्या पोटात जातं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो समुद्राकडून तिरका मारा करणारा. म्हणून तर आपल्याकडे पावसाच्या बाजूला पडवीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधायची पद्धत, आणि बॉम जीझसचा गिलावा हे त्या इमारतीचं झापच होतं, फरक एवढाच की ते बारमाही होतं. शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा पाऊस अंगावर घेतो, भिंतीला श्वास घेऊ देतो आणि खराब झाला की परत करता येतो. तो खर्चायचाच भाग आहे. काढून टाकल्यावर झिजायचं काम चिऱ्यावर आलं.

दुसरी बाजू भावनेची आहे आणि तिला हसण्यात अर्थ नाही. आज जिवंत असलेल्या बहुतेक गोंयकारांनी बॉम जीझस तांबडंच पाहिलंय. पांढरं केलं तर ते 'आपलं' वाटणार नाही, सिमेंटच्या नव्या चर्चसारखं दिसेल अशी भीती लोक बोलून दाखवतात. त्यात संवर्धनाच्या नावाखाली आपल्या देशात काय काय झालंय ते बघता ती भीती अगदीच फुकाची नाही. शिवाय एक नियमाचा मुद्दा आहे, इमारत संरक्षित झाली तेव्हा ज्या अवस्थेत होती तीच जपायची की त्याआधीची. १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत गोव्याची चर्चेस गेली तेव्हा बॉम जीझस उघडंच होतं. मला स्वतःला हा मुद्दा पोकळ वाटतो. १९५० च्या दशकातला राजकीय निर्णय आपण 'मूळ अवस्था' म्हणून गोठवायचा आणि साडेतीनशे वर्षं असलेला गिलावा मात्र 'नवी भर' ठरवायचा, हे उलटंच झालं. शेजारचं से कॅथेड्रल, समोरचं फ्रान्सिसचं चर्च, सेंट कॅजेटन, सगळी पांढरी आहेत आणि ती कमी जुनी वाटतात असं कुणी म्हणत नाही.

२०२० मध्ये पावसाळ्याच्या तोंडावर बॅसिलिकेचा कारभार बघणाऱ्यांनीच छपराच्या रखडलेल्या दुरुस्तीवरून आणि उघड्या भिंतींवरून जाहीर तक्रार केली तेव्हा हा विषय गोव्याबाहेरच्या पेपरांतही आला. आत झेवियरचं शव आहे, १६३० च्या दशकात गोव्याच्याच सोनारांनी घडवलेली चांदीची पेटी आहे, तिच्याखाली टस्कनीच्या ड्यूकने पाठवलेला संगमरवरी चौथरा आहे जो १६९८ मध्ये बसवला. दर दहा वर्षांनी शव समारंभाने से कॅथेड्रलमध्ये नेतात, अलीकडचं प्रदर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५. अशा प्रत्येक वेळी रंगरंगोटी, रस्ते, मांडव ह्यांवर भरपूर खर्च होतो आणि भिंतींचा प्रश्न पुढच्या खेपेवर जातो, हे आता ठरल्यासारखंच झालंय.

१९६१ नंतरच्या सरकारी खात्यांना सगळाच दोष देता येत नाही. ऑगस्टिनच्या अवशेषांमध्ये उत्खनन करून त्यांनी बरंच वर आणलं. जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष, जिला १६२४ मध्ये शिराझला मारलं होतं, ते तिथेच सापडले, डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले. तरी बहुतेक टूरच्या बसेस त्या टेकडीवर चढत नाहीत.

त्याच २०२१ मध्ये नवा वाद आला, व्हाइसरॉयच्या कमानीजवळच्या संरक्षित पट्ट्यात एका जुन्या घराच्या जागी मोठा बंगला उभा राहत असल्याचा. लोक उपोषणाला बसले, मोर्चे निघाले, परवानग्या कुणी कशा दिल्या त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. अडचण अशी आहे की संरक्षण मिळालंय ते सुट्या सुट्या इमारतींना आणि त्यांच्याभोवतीच्या ठराविक मीटरना, जे १९५० च्या दशकातल्या त्या सुटसुटीत मांडणीला सोयीचंच होतं. इमारतींच्या मधलं शहर, म्हणजे रस्ते, बाजार, धक्के, घरांची जोती, माडांच्या बागांखाली आहे आणि त्यातला बराचसा भाग खासगी जमिनीत येतो.