पुण्यातून जर्मनीत कंपनी काढताय? आधी मुखत्यारपत्राचं बघा

पात्रतेवरून सहसा काही अडत नाही. जीएमबीएच, म्हणजे तिकडची प्रायव्हेट लिमिटेड, एकटी भारतीय कंपनीही काढू शकते. संचालक जर्मनीत राहणारा असावा अशी अट नाही. मात्र कंपनीची नोंद झाली म्हणून व्हिसा मिळत नाही, तो अर्ज वेगळा. भांडवल किमान २५,००० युरो. नोंदणीच्या अर्जाआधी त्यातले निदान १२,५०० भरलेले हवेत.

अडतं ते मुखत्यारपत्रावर. स्थापनेचा दस्त जर्मन नोटरीसमोर होतो. स्वतः जाणं जमत नसेल तर तिथल्या कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं लागतं आणि त्यावरची सही प्रमाणित लागते. आपली मंडळी कोर्टाबाहेर नोटरीचा शिक्का मारून घेतात, अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकार देतं तो दाखला) करतात, कुरियर करतात आणि कागद परत येतो. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, पण त्या प्रवेशाला जर्मनीनं हरकत घेतली. म्हणून या दोन देशांत अपोस्टिल चालतच नाही. इतकी साधी गोष्ट अर्जदाराला आधी कुणी सांगत नाही, याचा खरंच राग येतो. मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासात वेळ घ्या, पासपोर्ट घेऊन स्वतः जा आणि अधिकाऱ्यासमोरच सही करा. घरून सही करून नेऊ नका.

‘आत्ता मुखत्यारपत्राशिवाय कुणीतरी सही करा, संमती नंतर पाठवतो’ हेही एकाच भागधारकाच्या कंपनीत चालत नाही. भागधारक भारतीय कंपनी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र, संचालक मंडळाचा ठराव आणि शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर लागतं. तिकडे कंपनीची नोंद न्यायालयात होते आणि प्रत्येक नोंदणी न्यायालयाच्या अपेक्षा थोड्या वेगळ्या असतात, तेव्हा मसुदे आधी नोटरीला दाखवा, मगच खर्च करा. ऑगस्ट २०२२ पासून ऑनलाइन दस्ताची सोय आहे, पण नुसत्या भारतीय पासपोर्टवर ती मिळत नाही.

दुसरी अडचण बँकेची. खातं कंपनीच्या नावाचं हवं आणि कंपनी तर अजून नोंदलेलीच नाही! दस्त झाल्यावर कंपनी ‘स्थापनेच्या अवस्थेत’ धरली जाते आणि त्या दस्तावर खातं उघडतं. भांडवल त्यानंतरच पाठवा. नोंद होईपर्यंत कंपनीच्या नावानं जागेचा वगैरे करारही करू नका. सही करणारा स्वतः जबाबदार ठरतो.

पुढे नगरपालिकेत व्यवसायाची नोंद आणि महिन्याभरात कर कार्यालयाची प्रश्नावली, हे सरळ आहे.

माणूस ठरावीक मुदतीसाठी नेमणार असाल तर करार कागदावर करा आणि तो कामावर येण्याआधी दोघांच्या शाईच्या सह्या घ्या. स्कॅन केलेल्या पीडीएफवर भागवलंत, तर मुदतीची अट गळून पडते आणि नोकरी कायमची ठरते.